लॅपटॉपवरच्या मेनफ्रेमची कुळकथा

डिसेंबर १९६३मध्ये हनीवेलने ‘हनीवेल २००’ हा संगणक जाहीर केला आणि आयबीएमच्या पोटात गोळा आला. आयबीएम १४०१ या संगणकासाठी लिहिलेले प्रोग्रॅम ‘लिबरेटर’ या सॉफ्टवेअरच्या मदतीने या यंत्रावर नेता येत. १४०१ हजारो कचेऱ्यांत बसलेला होता. आयबीएम स्वतः सिस्टिम/३६० ही मेनफ्रेमची नवी मालिका आणायच्या बेतात होती. तिचा आज्ञासंच निराळा, त्यामुळे १४०१चे प्रोग्रॅम तिच्यावर जसेच्या तसे चालणार नव्हते. सगळं नव्याने लिहायचंच, तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात का जाणार नाही?

तोड मायक्रोकोडमध्ये निघाली. ७ एप्रिल १९६४ला ही मालिका जाहीर झाली. तिच्यातल्या मॉडेल ३०च्या आत पंचकार्डाएवढी मायलरची कार्डं असत. यंत्राने प्रत्येक आज्ञा कशी पाळायची, हे त्यांवरच्या भोकांत नोंदलेलं असे. तिथेच १४०१च्या आज्ञा पाळण्याची रीतही बसवली. नवं यंत्र जुन्याचं सोंग वठवू लागलं, तेही मूळ १४०१पेक्षा वेगाने.

या मालिकेने आणखी एक पाया घातला. लहान-मोठ्या मॉडेलांची घडण वेगवेगळी, पण आज्ञासंच एकच. कोणत्या आज्ञेने नेमकं काय घडावं, ते ‘प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन’ या ग्रंथात बारकाईने लिहून ठेवलं. त्या ग्रंथाबरहुकूम जे वागेल, त्यावर मेनफ्रेमचे प्रोग्रॅम चालणारच.

रॉजर बाउलर या प्रोग्रॅमरने नेमकं हेच केलं. १९९९मध्ये त्या ग्रंथाबरहुकूम वागणारा त्यांचा ‘हर्क्युलिस’ हा प्रोग्रॅम आला. पुढे जे मेनार्ड आणि इतरांनी तो वाढवला. सत्तरच्या दशकातल्या एमव्हीएस या ऑपरेटिंग सिस्टिमचा तयार संच घेऊन ‘आयपीएल १४८’ ही सिस्टिम सुरू करण्याची आज्ञा दिली, की साध्या पीसीवर मेनफ्रेम उभी राहते. डिस्क म्हणजे एक फाइल. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारी, यंत्राला काम नेमून देणाऱ्या जेसीएल भाषेची ८० अक्षरी ओळ कार्ड म्हणूनच वाचली जाते आणि १४०३ लाइन प्रिंटरची छपाई मजकुराच्या फाइलीत उतरते.

आजची झेड/ओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम मात्र हर्क्युलिसवर चालवायला आयबीएम परवाना देत नाही. याविरुद्ध बाउलर यांच्या टर्बोहर्क्युलिस कंपनीने २०१०मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली. २०११मध्ये चौकशी बंद झाली. आयबीएमचं स्वतःचं झेडपीडीटी हे असंच सॉफ्टवेअर लिनक्सच्या पीसीवर चालतं, पण परवान्याची यूएसबी किल्ली लागते आणि वापर विकास-चाचणीपुरताच.

तेवढ्यापुरता असला, तरी मला हा वापर फार मोलाचा वाटतो. बँकेच्या चालत्या मेनफ्रेमवर नवख्याला सिस्टिमच्या लायब्रऱ्यांना हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. स्वतःच्या पीसीवर मात्र तो त्या बदलून पाहू शकतो. सिस्टिम उठलीच नाही, तर डिस्कच्या फाइलीची जपून ठेवलेली प्रत जागेवर ठेवायची आणि पुन्हा आयपीएल करायचं. कोबोल भाषा पुस्तकातून शिकता येते. बंद पडलेली सिस्टिम उभी कशी करायची, हे ती एकदा स्वतःच्या हाताने बंद पाडल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.