वाड्याची तुळई आणि बँडसॉचे पाते

१/
पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटात जुन्या वाड्याची तुळई येते, तेव्हा तिच्यावर चुन्याचे डाग, चुलीच्या धुराची काजळी आणि हातघडणीचे खिळे असतात. पाहता पाहता तिच्या फळ्या होतात. हे काम करणारे यंत्र म्हणजे बँडसॉ. या यंत्राचा आणि त्याच्या पात्याखालून गेलेल्या पुण्याच्या सागवानाचा हा इतिहास. 🧵
#पुणे #इतिहास #वाडा

२/
सुताराच्या भाषेत लाकूड 'कापणे' आणि 'चिरणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आडवा छेद घेतला तर कापणे; रेषांच्या दिशेने, लांबीत विभागले तर चिरणे. चिरण्याचे काम अवघड. पाते लाकडाच्या पूर्ण जाडीतून जाते, छेद हातभर ते पुरुषभर लांब होतो आणि भुसा बाहेर पडायला वाट राहत नाही. एकदा चिरलेली जाड फळी पुन्हा उभी धरून तिच्या दोन पातळ फळ्या करणे, हे तर त्याहून नाजूक.

३/
यंत्रापूर्वी हे काम दोन माणसे करीत. ओंडका टेकूवर तिरपा उभा करायचा, काव लावलेल्या दोरीने त्यावर रेघ मारायची, मग एकाने वर चढायचे आणि एकाने खाली उभे राहायचे. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो आणि भुसा त्याच्या डोळ्यांत पडतो. अशा श्रमाने निघालेली प्रत्येक फळी महाग असे. म्हणून लाकूड शक्य तितके कमी चिरायचे आणि वाकसाने चौरस ताशून जाडजूडच वापरायचे, हा शहाणपणाचा व्यवहार होता.

४/
शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. त्यासाठी सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आला. १८२८च्या आगीत या वाड्यातील लाकूडकाम जळाले. दगडी तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. पेशवाईतील पुणे किती लाकडाचे होते, याची कल्पना या एका आगीवरून येते.

५/
वाड्याचा भार भिंतींपेक्षा लाकडी सांगाड्यावर असे. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, त्यांवर तख्तपोशी. भिंती विटामातीच्या. १८०७ साली पूर्ण झालेल्या विश्रामबागवाड्यात याच रचनेवर सुरूच्या घाटाचे कोरीव खांब उभे राहिले. नक्षीकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु घर तोलून धरले ते साध्या, बिनकोरीव तुळयांनी.

६/
एवढे सागवान सहज मिळत नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात या विषयाची चर्चा आहे. सागवान तोडायचे ते हुजूरच्या परवानगीने. आंबा, फणस यांना हात लावायचा नाही, कारण रयतेने ती झाडे लेकराप्रमाणे वाढवलेली असतात. कंपनी सरकारच्या काळात दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमण्यात आले. तोवर सह्याद्रीच्या रानांची तोड सरकारलाही चिंता वाटावी इतकी वाढली होती.

७/
१८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे आली. १८६३ मध्ये भोर घाटातील मार्ग पूर्ण होऊन पुणे मुंबईला अखंड जोडले गेले. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि ब्रह्मदेशाच्या सागवानाचा व्यापार मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. लाकूड आता जुन्नरच्या रानावरच अवलंबून राहिले नाही. ते समुद्राने आणि रुळांवरून येऊ शकत होते.

८/
याच शतकात युरोपात एक जुनी अडचण सुटली. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने १८०८ साली दोन चाकांवरून अखंड फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्टीची कल्पना मांडून पेटंट घेतले होते. परंतु चाकावर क्षणोक्षणी वाकणारी पट्टी सांध्यापाशी तुटे. १८४६ मध्ये ॲन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच स्त्रीने पट्टीची टोके टिकाऊपणे जोडण्याची रीत शोधली. पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिचे हक्क घेतले आणि अधिक चांगल्या पोलादाची जोड देऊन बँडसॉ व्यवहारात आणला.

९/
गोल पात्याची करवत त्याआधीच प्रचारात होती. मग बँडसॉ कशासाठी? उत्तर भुशात आहे. मोठ्या ओंडक्याला मोठे गोल पाते लागते. ते फिरताना डगमगू नये म्हणून जाड असावे लागते. जाड पाते रुंद खाच पाडते आणि खाचेतले लाकूड भुसा होऊन जाते. बँडसॉची पट्टी दोन्ही चाकांमध्ये ताणलेली असते. ताणामुळे ती पातळ असूनही सरळ राहते.

१०/
हा फरक सुताराच्या मापाने पाहू. आठ सुतांचा एक इंच. दहा इंची तुळई म्हणजे ८० सूत. तिच्यातून अर्ध्या इंचाच्या, म्हणजे ४ सुतांच्या फळ्या काढायच्या आहेत. खाच २ सुतांची असेल तर १३ फळ्या निघतात; ५२ सूत लाकूड आणि १२ छेदांचा २४ सूत भुसा. खाच १ सुताची असेल तर १६ फळ्या निघतात. ६४ सूत लाकूड आणि १५ सूत भुसा. एकाच तुळईतून तीन फळ्या जास्त! सागवानाच्या व्यापारात यंत्राची किंमत अशा फळ्यांतूनच वसूल होते.

११/
मात्र पट्टी लावली की लाकूड आपोआप सरळ चिरले जाते, असे नाही. उंच छेदासाठी रुंद पट्टी आणि मोठे, विरळ दात लागतात. दातांमधील खळगा भुसा वाहून नेतो. तो भरला की पाते तापते आणि वाट सोडते. ताण कमी पडला तर पट्टी लाकडाच्या पोटात वाकते: फळी कडांना एका जाडीची आणि मध्ये दुसऱ्याच जाडीची निघते. पात्याला आधार देणारे मार्गदर्शक लाकडाच्या जितके जवळ, तितका छेद सरळ.

१२/
शिवाय प्रत्येक पात्याचा स्वभाव असतो. एका बाजूचे दात किंचित बोथट झाले की पट्टी दुसऱ्या बाजूला ओढ घेते. जाणता कारागीर आधी टाकाऊ तुकड्यावर रेघ मारून ती हाताने चिरून पाहतो, पाते कोणत्या कोनात सरळ चालते ते ओळखतो आणि टेकणाची पट्टी त्याच कोनात बसवतो. लाकूड पुढे सारायचे ते पात्याच्या चालीने. घाईने दाबले की छेद बिघडतो आणि शेवटचा इंचभर भाग हाताने ढकलला की बोटे जातात. तिथे ढकलकाठीच हवी.

१३/
सागवानाची आणखी एक खोड आहे. त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूतलेच द्रव्य. त्यामुळे धार लवकर मरते. वाड्याच्या सागवानात तर खिळेही असतात. खिळ्याभोवती लोखंडाने लाकूड काळे पडलेले दिसते, ती खूण. डोके तुटून आत बुजलेला खिळा चुंबकाने शोधावा लागतो. सुटला तर दात झडतात, कधी चालती पट्टीच तुटते. तरीही हे लाकूड हवेसे असते, कारण शंभर-दीडशे वर्षे छताखाली सुकलेली तुळई चिरल्यावर फळ्या सहसा पिळत नाहीत.

१४/
हे लाकूड बाजारात आले ते पुण्याच्या विपत्तीतून. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांना दुरुस्ती परवडेनाशी झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. पुढच्या दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या. वाडा उतरवणारा ठेकेदार दगड, विटा आणि लाकूड वेगळे करी. लाकूड वखारीत जाई आणि घनफुटावर विकले जाई.

१५/
या पडझडीत काही लाकूड वाचले. दिनकर केळकर यांनी बाजीराव रस्त्यावरील आपल्या संग्रहालयासाठी कोरीव दरवाजे, खिडक्या, कमानी गोळा केल्या. कोथरूडचा मस्तानी महालही तिथे पुन्हा उभारलेला आहे. हे ऋण मोठे आहे. पण संग्रहालयात जे पोचले ते कोरलेले. बिनकोरीव तुळईला 'कला' म्हणून कुणी पाहिले नाही. ती बँडसॉखाली गेली आणि पलंग, कपाटे, दारे होऊन शहरभर पसरली.

१६/
याला केवळ नाश म्हणता येत नाही. १९९६ साली गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर आणि विनापरवाना सॉ मिलवर कठोर निर्बंध आणले. २०१४ मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबवली. अशा काळात जुनी तुळई पुन्हा चिरली जाणे म्हणजे उभे झाड वाचणे. आज्ञापत्रातील सल्ल्याशी हे विसंगत नाही. जळण होण्यापेक्षा, पावसात कुजण्यापेक्षा फळी होणे केव्हाही बरे.

१७/
प्रश्न वेगळा आहे: चिरताना नेमके काय जाते? सांध्यावरील सुताराच्या खुणा जातात. खाचा, कुसू आणि वाकसाचे घाव जातात. आणि जातात ती वर्तुळे. सागाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. पाऊस कमी झाला तर ते सहसा अरुंद राहते. पुण्यातीलच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या मान्सूनचा अभ्यास झाला आहे. १७९१-९२चा दुष्काळ कागदपत्रांत आहे. तो एखाद्या तुळईच्या पोटातही असू शकतो.

१८/
वाकसाने ताशताना खोडाची बाहेरची वलये निघून गेलेली असतात, त्यामुळे झाड कोणत्या साली तोडले ते नेमके सांगता येत नाही. परंतु आतली सलग पन्नास-शंभर वर्षे शिल्लक असतात, आणि ओंडका रानातून आला असेल तर ती त्या रानाच्या पावसाची नोंद असते. तुळई उभी चिरली की तिचे भाग वेगवेगळ्या घरी जातात आणि ही सलगता तुटते. एकदा तुटली की ती पुन्हा जुळवता येत नाही.

१९/
उपाय खर्चिक नाही. चिरण्यापूर्वी तुळईची छायाचित्रे, माप, वाड्याचे ठिकाण आणि सांध्यांच्या खुणा नोंदवायच्या. टोकाचा दोन इंचांचा आडवा काप बाजूला ठेवायचा. दहा फुटी तुळईत तो साठावा हिस्सा. आणि अनेकदा हे टोक भिंतीत कुजलेले असल्याने व्यापारी ते तसेही कापून टाकतो. कुजक्या भागाच्या जरा आत, शाबूत लाकडातून छेद घेतला की झाले.

२०/
कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव पेठांतून आजही वाडे उतरत आहेत. त्यांचे सागवान वखारीत येणार आणि चिरले जाणार. ते थांबवणे शक्य नाही आणि दरवेळी इष्टही नाही. उरलेल्या १५-१६ फळ्या खुशाल घरोघरी जाव्यात. पुण्याच्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील पावसाचा एक पुरावा मात्र आधी कापून ठेवावा. त्यासाठी नवे यंत्र नको, वखारीतले तेच पाते पुरेसे आहे.