पूर्ण झालेला कागद आणि न दिसणारी प्रक्रिया : मुंबईच्या कलाशिक्षणातील मूल्यमापनाचा इतिहास

प्रास्ताविक

कलाशिक्षणात मूल्यमापन नेमके कशाचे करावयाचे, हा प्रश्न कलामहाविद्यालयांतून वारंवार उपस्थित होतो. विद्यार्थ्याने सादर केलेल्या कलाकृतीचे, की ती घडत असताना त्याने केलेल्या शोधाचे? या प्रश्नाकडे सामान्यतः अध्यापनशास्त्राच्या अंगाने पाहिले जाते. वस्तुतः त्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. पूर्ण झालेला कागद हाच गुणवत्तेचा पुरावा मानण्याची प्रथा कलाविचारातून कमी आणि प्रशासकीय सोयीतून अधिक घडली, असे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वाटचालीवरून दिसून येते.

दूरस्थ परीक्षक

सर जमशेटजी जीजीभाई यांनी 1853 मध्ये कलाशाळेसाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. योगायोग असा की, याच वर्षी लंडनमध्ये शासनाचा विज्ञान व कला विभाग आकारास आला आणि हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी 23 टप्प्यांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम लागू केला. सरळ रेषा, छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा, प्लॅस्टरच्या नमुन्यांचे छायांकन, यथार्थदर्शन, मानवाकृती, रंगकाम अशी ही चढण होती. संकल्पन, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः काही रचावे हा भाग, अगदी शेवटच्या टप्प्यांत येई. इंग्लंडमधील प्रांतोप्रांतीच्या शाळा आपल्या विद्यार्थ्यांची कामे दरवर्षी लंडनला धाडीत. तेथील परीक्षक ती तपासून पदके व अनुदाने ठरवीत. परीक्षकाने विद्यार्थ्याला कधी पाहिलेलेच नसे. साहजिकच जे कागदावर मोजता येईल त्यालाच किंमत आली. एका छायांकित चित्रावर ठिपके भरीत विद्यार्थी कित्येक आठवडे घालवीत, कारण तशी गुळगुळीत सफाई दुरूनही ओळखू येई.

मुंबईत 1857 मध्ये वर्ग सुरू झाले. 1865 मध्ये जॉन ग्रिफिथ्स व लॉकवुड किपलिंग हे शिक्षक येथे आले ते याच साउथ केन्सिंग्टनच्या मुशीतून. त्यांच्यासोबत अभ्यासक्रम आला आणि त्याला चिकटलेली परीक्षाही आली. पुढे मुंबईची परीक्षा हीच इतरांसाठी दूरची परीक्षा झाली. ना. श्री. बेंद्रे इंदूरला देवळालीकरांच्या हाताखाली शिकले, परंतु पदविका मुंबईच्या परीक्षेची घेतली. देवळालीकरांनी आपल्या शिष्यात वर्षानुवर्षे जे पाहिले असेल, त्याला त्या निकालात जागा असण्याचे कारण नव्हते.

एका विद्यार्थ्याची प्रतिमा

या व्यवस्थेचा सर्वांत बोलका प्रसंग गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’चा आहे. विशीच्या आसपासच्या या विद्यार्थ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही स्त्रीप्रतिमा घडविली आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात ती गाजली. लंडनमधून सर जॉर्ज बर्डवुड यांनी तिची स्तुती केली, तर 1898 मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. प्रतिमा मुंबईत होती, आणि लंडन-कलकत्त्यापर्यंत पोहोचले होते ते तिचे छायाचित्र. त्यावरून ती अस्सल भारतीय की पाश्चात्त्य वळणाची, असा वाद रंगला. मात्र म्हात्रे यांनी ती कशी बांधली, किती वेळा मोडली, निऱ्यांची घडण त्यांना कोठून सुचली, हे प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी नव्हते. विद्यार्थ्याच्या कामाची इतकी चर्चा तोवर क्वचितच झाली असेल. तरीही ती पूर्ण झालेल्या वस्तूभोवतीच फिरली.

भिंतीपुढचे वर्ग

प्रक्रिया पाहण्याची सोय या संस्थेत नव्हतीच, असे मात्र म्हणता येणार नाही. ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्यांत पेस्तनजी बोमनजी हे प्रमुख होते. अंधाऱ्या लेण्यात, झिजलेल्या रंगांपुढे कोणाची नजर टिकते आणि कोण अंदाजाने रेषा ओढतो, हे सोबत असलेल्या शिक्षकाला रोज दिसत असणार. पुढे 1919 मध्ये कॅ. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडे शाळेची सूत्रे आली. त्यांच्या भित्तिचित्रवर्गातील विद्यार्थ्यांनी सजविलेले दालन 1924 च्या वेंबली येथील प्रदर्शनात मांडले गेले. अनेक हातांनी मिळून केलेल्या अशा कामात कोणाचा वाटा किती, हे तयार भिंत पाहून सांगता येत नाही. ते सांगू शकतो तो केवळ काम चालू असताना तेथे उभा असलेला शिक्षक. त्याचे हे ज्ञान गुणांच्या रकान्यात उतरविण्याची रीत मात्र रूढ झाली नाही.

याउलट, 1919 मध्येच सुरू झालेल्या शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या सहवासातील निरीक्षणालाच आरंभीच्या काळात परीक्षेहून अधिक मोल होते. हा आदर्श मोहक आहे. पण तो मोजक्या विद्यार्थ्यांपुरता शक्य होता, आणि गुरूच्या आवडीनिवडीपासून विद्यार्थ्याला संरक्षण देणारे त्यात काय होते, हेही विचारावयास हवे. अनोळखी परीक्षकाचा हा एक गुण नाकारता येत नाही.

संख्येचे ओझे

कला संचालनालय 1965 मध्ये स्थापन झाले. त्याच्यामार्फत होणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना लाखो विद्यार्थी बसतात. एवढ्या कागदांना श्रेणी द्यावयाची तर हातातील कागदच पाहावा लागणार. परिणाम सर्वांना परिचित आहे : स्मरणचित्रासाठी बाजार, बसथांबा, पावसाळा अशी ठरावीक दृश्ये शिकवणीत घोटून घेतली जातात आणि स्मरण होते ते शिक्षकाच्या चित्राचे! दहावीच्या निकालात या श्रेणींचे वाढीव गुण मिळू लागल्यावर ही घोटाई कमी होण्याचे कारण उरलेले नाही.

पदवीच्या पातळीवर जे. जे.चे अभ्यासक्रम 1981 मध्ये मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले. 2023 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि परीक्षेची घडी स्वतः बसविण्याची मुभाही आली. रेखाटनवहीला किती गुण असावेत, फसलेले प्रयत्न त्या वहीत ठेवण्यास विद्यार्थ्याला भीती वाटू नये यासाठी काय करावे, आणि वर्षभर शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाचे मत बाहेरील परीक्षकाच्या मतापुढे कितपत टिकावे, हे तेथील अभ्यासमंडळांना आता लंडनकडे वा संचालनालयाकडे न पाहता ठरवावे लागणार आहे.