शैक्षणिक खेळांच्या रचनेतील मुलांचा सहभाग : बोर्डी-कोसबाड प्रयोगाचा ऐतिहासिक विचार

शैक्षणिक खेळांच्या रचनेत व चाचणीत मुलांना सहभागी करून घ्यावे, हा विचार आज संगणकीय खेळांच्या संदर्भात नव्याने मांडला जातो. महाराष्ट्रातील त्याच्या पूर्वपीठिकेचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगर येथे कार्य केलेल्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. माँटेसरी पद्धतीची साधने खर्चिक असल्याने खडे, शिंपले, पाने, फुले हीच तेथे साधने बनली. वस्तीवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये कार्य कोसबाडला हलले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांची अनुपस्थिती हाच चाचणीचा निकाल मानला गेला व त्यानुसार रचना बदलली.

तथापि एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. निर्णय प्रौढांचेच होते. मुले परीक्षक ठरली, रचनाकार नव्हेत. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. मुलांच्या प्रतिसादानुसार बदलण्याची वृत्ती मात्र शासकीय आदेशाने पोहोचविता येत नाही.

अंधेरी ते मुलुंड परिसरातील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून असे खेळ करवून घेताना हा भेद ध्यानी ठेवावा. घाटकोपरच्या वस्तीतील मूल खेळ अर्ध्यावर टाकून उठले, तर दोष प्रथम खेळात शोधावा.