पेन्शन, हिबा आणि वसीयत : सिन्नरच्या माजी सैनिक कुटुंबांनी काय माहीत ठेवावे

नाशिकरोडचे आर्टिलरी सेंटर आणि देवळालीचे तोफखाना स्कूल सिन्नरपासून फार लांब नाही. फौजेची नोकरी इथल्या घरांना नवी नाही. निवृत्त जवान आणि त्यांच्या विधवा आपल्या समाजातही आहेत. मात्र घरातला कर्ता गेला की पेन्शन, घर आणि बँकेतली रक्कम या सगळ्याची एकच 'मालमत्ता' समजून वाटणी सुरू होते, आणि त्यात नुकसान बहुतेक वेळा आईचे होते. कायद्यात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्या आम्ही इथे एकेक करून मांडत आहोत.

कुटुंब निवृत्तीवेतन : हे विरासतीत येत नाही

सैनिकाच्या मृत्यूनंतर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तीवेतन हा तिचा स्वतःचा हक्क आहे. ते मरहूमच्या मालमत्तेचा भाग नाही आणि वसीयतीने दुसऱ्याला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये व्हायोलेट इसाक प्रकरणात सांगितले. म्हणजे यात मुलगे, दीर, जाऊबाई कोणाचाच हिस्सा नाही.

वय ८० पूर्ण झाले की पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते. ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० व्या वर्षी १०० टक्के. जन्मतारीख कागदावर चुकीची असेल तर ही वाढ अडकते.

आमच्या वाचकांची नेहमीची अडचण नावाची असते. पीपीओवर 'बी', आधारवर 'बेगम', रेशनकार्डावर तिसरेच काही. ही दुरुस्ती पती हयात असतानाच करून घ्यावी. त्यासाठी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे निकाहनामा आणि प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागतो. तोफखान्याच्या जवानांचे रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पलाच आहे. हयातीचा दाखला दरवर्षी 'स्पर्श' प्रणालीत गेला पाहिजे. सीएससी केंद्रात बोटाचा ठसा देऊन ते काम होऊन जाते.

पेन्शन नाकारली किंवा कमी बसली तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात दाद मागता येते. उशीर मात्र करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारणपणे अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते.

हयातीत दिलेली मालमत्ता : हिबा

हिब्याला तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा. मुस्लिम कायद्यानुसार तोंडी हिबाही वैध ठरू शकतो, पण पुढे भांडण झाले तर सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून लेखी, नोंदणीकृत दस्त केलेला बरा.

म्हातारपणी एकुलते एक घर मुलाच्या नावावर करण्याआधी दहा वेळा विचार करा. करायचेच असेल तर 'मुलगा माझा सांभाळ आणि दवापाणी करील' ही अट दस्तात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर दस्त रद्द होऊ शकतो. अट सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. २०२५ च्या निकालात या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा, असे सांगितले. तरी लिहिलेल्या अटीसारखा भक्कम पुरावा दुसरा नाही.

याच कायद्याखाली मुले किंवा सज्ञान नातवंडे सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे पोटगी मागता येते. हा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. मूलबाळ नसलेले ज्येष्ठ, ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून पोटगी मागू शकतात. अर्ज स्वतः जमत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीमार्फत करता येतो.

मृत्यूनंतरची मालमत्ता : विरासत आणि वसीयत

आधी कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज वजा होते. न दिलेला मेहरही कर्जच असतो. उरलेल्यातून वसीयत जास्तीत जास्त एक तृतीयांशाचीच चालते. सुन्नी कायद्यात वारसालाच वसीयत केली, तर इतर वारसांची संमती लागते, तीही मृत्यूनंतरची.

बाकीची वाटणी ठरलेल्या हिश्श्यांनी होते. समजा मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी आहे, आई-वडील हयात नाहीत. मालमत्तेचे २४ भाग केले तर पत्नीला ३, मुलाला १४ आणि मुलीला ७ भाग येतात. 'मुलीला लग्नात दिले' म्हणून तिचा हिस्सा जात नाही.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. वडिलांच्या आधी मुलगा वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर सुन्नी कायद्यात वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत हिस्सा येत नाही. या यतीम नातवंडांसाठी आजोबांना एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत करता येते. ती वेळेत केली नाही तर पोरांच्या हाती काही राहत नाही.

बँकेतला नॉमिनी हा मालक नसतो. तो रक्कम घेतो, पण ती वारसांची असते. दिवाणी न्यायालयातून वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावे. शेतजमिनीच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी.

मोफत मदत कुठे?

सिन्नर न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा दूरध्वनी १५१०० आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७. पेन्शनच्या कागदांसाठी नाशिकचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. 'नाल्सा'ने जुलै २०२५ मध्ये सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून, तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयांमधून कायदेशीर मदत देण्याची सोय आहे.

जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, निकाहनामा, आधार, बँक पासबुक, मृत्यू दाखला आणि सातबारा किंवा घराचा उतारा यांच्या झेरॉक्स बरोबर ठेवा. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नका, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.