घटपर्णी

पानाच्या टोकाला झाकणदार घट धरणारी कीटकभक्षक वेल. प्रजाती नेपेंथिस. भारतात तिची एकच जाती रानात सापडते, नेपेंथिस खासियाना. तीही मेघालयातल्या गारो, खासी व जैंतिया टेकड्यांत. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली म्हणतात. बाघमारा येथे तिच्यासाठी छोटे अभयारण्य राखले आहे. महाराष्ट्रात कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवे ही रोपे भेटतात. तीही किडे खातात, पण घट त्यांच्याकडे नाही.

घट हे फूल नव्हे. पानाची मधली शीर पुढे तणाव्यासारखी लांबते आणि तिचे टोक फुगते, तोच घट. कडेला मध पाझरतो. कोरड्या कडेवरून मुंगी चाटूनपुसून परत जाते. दवाने कड ओली झाली की तीच मुंगी घसरून पाचकरसात पडते. तिच्यातले नत्र व स्फुरद वेल शोषते, कारण तिच्या मूळ जमिनीत दोन्हींची वानवा असते. त्यामुळे लागवडीत सढळ हाताचा माणूसच तिला लवकर मारतो.

खकनार (जि. बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश) भागातली केळी-कापसाची काळी माती तिला चालत नाही, शेणखत तर नाहीच नाही. धुतलेले कोकोपीट, पर्लाइट आणि मिळाल्यास स्फॅग्नम शेवाळ प्लास्टिकच्या कुंडीत भरावे. खरी अडचण पाण्याची. माठावर जी पांढरी खार धरते, तेच क्षार मुळांशी साचतात. म्हणून बोअरचे पाणी टाळावे. पहिल्या एक-दोन सरींनी पत्रा धुऊन निघाला की पागोळ्यांचे पाणी पिंपात साठवावे. ते संपल्यावर आरओचे पाणी द्यावे, पण त्याच्या सांडपाण्याच्या नळीतले नव्हे.

मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो, हवा कोरडी पडते. तणाव्याचे टोक काळे पडून घट धरेनासा होतो. वेल मेली असे समजू नये. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी किंवा मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या केळीचा आडोसा द्यावा. घट उपडा करू नये, आत मटणाचा तुकडा टाकू नये, घट सडतो.

खासियाना रानातून उपटणे हा गुन्हा आहे. हौशी माणसाने रोपवाटिकेतली ‘व्हेंट्राटा’ ही काटक संकरित वेल घ्यावी. पावसाळ्यात तिचे छाट लागतात. नर की मादी, हे मात्र फुलल्यावरच कळते.