फुरशाचे इनाम आणि सशाचे रक्त

जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळ्याच्या अखेरीस गवत कापावयास गेलेल्या माणसाच्या दृष्टीस जे सहसा पडत नाही, आणि पडते तेव्हा बहुधा दंश होऊन गेलेला असतो, त्या फूट-दीड फूट लांबीच्या फुरशाची दखल मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर सरकारदरबारी फार पूर्वीच घेतली गेली होती. हे तालुके त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत (सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला), आणि इंग्रजी अमदानीत त्या जिल्ह्यात फुरसे मारणाऱ्यास खजिन्यातून रोख इनाम मिळे. सहा वर्षांच्या हिशेबात दरसाल सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली, असा आकडा व्हायडल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या १८९० सालच्या लेखनामुळे प्रसिद्ध झाला. ती मेलेली जनावरे कचेरीत मोजून घेऊन त्यांची नोंद करणाऱ्या कारकुनाची मला नेहमी कीव येते. मुंबई इलाख्यातील सर्पदंशाच्या मृत्यूंचे खापर लोक नागावर फोडत असले, तरी खरा गुन्हेगार बहुतांशी हे क्षुद्र दिसणारे फुरसेच आहे, असे व्हायडलचे म्हणणे होते, आणि कोकणापुरते तरी ते कोणी कोकणी मनुष्य नाकारील असे वाटत नाही. फुरसे मात्र इनामाने संपले नाही.

इनामाने जे साधले नाही ते रक्ताने साधेल, अशी आशा त्याच दशकात युरोपात उत्पन्न झाली. धनुर्वाताचे विष अल्प मात्रेने टोचलेल्या जनावराच्या रक्तद्रवात त्या विषाचा प्रतिकार करणारे काही द्रव्य निर्माण होते, हे बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० साली दाखविले होते. त्याच द्रव्यांना आपण आज प्रतिपिंडे म्हणतो. काल्मेत या फ्रेंच वैद्याने हा न्याय सर्पविषाला लावून लस तयार केली, आणि एका सर्पाच्या विषावर सिद्ध केलेली ही लस सर्वच सर्पांवर चालेल, असा त्याचा आरंभीचा समज होता. हा समज खोटा ठरविण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली हाफकिन यांची जी प्लेग-संशोधनाची प्रयोगशाळा स्थिरावली, आणि जी १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते, तेथे काम करणाऱ्या जॉर्ज लॅम या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी असे दाखवून दिले, की नागाच्या विषाला निष्प्रभ करणारा रक्तद्रव घोणशीच्या विषापुढे अगदी लुळा पडतो. रोग्याच्या दृष्टीने ही वार्ता दुःखदच होती; परंतु प्रतिपिंडाची ही अनुदारता, म्हणजे आपल्या एका शत्रूखेरीज इतर कोणासही न ओळखण्याचा त्याचा हट्ट, हाच पुढे त्याचा सर्वांत मोठा गुण ठरावयाचा होता.

या हट्टाची सीमा कोठवर जाते, हे लँडस्टायनरने पाहिले. प्रथिनांना लहान लहान रासायनिक गट चिकटवून ती सशांना टोचावीत, आणि मिळालेल्या रक्तद्रवास त्या गटांतील किंचित फरक कळतो की नाही हे तपासावे, असे त्याचे प्रयोग वर्षानुवर्षे चालले होते. आणि फरक कळत असे. इकडे १९५५ च्या सुमारास फिशर आणि क्रेब्ज यांना स्नायूतील एका प्रथिनावर फॉस्फेटचा गट बसला की ते कार्यरत होते आणि गट निघाला की मंदावते, असे आढळले. पेशीतील संदेशवहनाचा पुष्कळसा कारभार अशाच शिक्क्यांवर चालतो, हे हळूहळू उमगत गेले, आणि त्या दोघांना १९९२ चे नोबेल मिळाले. प्रश्न एवढाच उरला, की शिक्का बसलेला कागद आणि न बसलेला कागद यांतील भेद ओळखणारा कारकून आणावा कोठून?

तो सशाच्या रक्तातून आला. १९८२ साली नेर्न, ग्रीनगार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी एकाच प्रथिनाची फॉस्फेटयुक्त आणि फॉस्फेटरहित रूपे वेगळी ओळखणारी प्रतिपिंडे प्रसिद्ध केली. पुढे रूढ झालेली रीत मोठी मनोवेधक आहे. प्रथिनाचा दहापंधरा दुव्यांचा तुकडा, नेमक्या जागी फॉस्फेट बसवून, कृत्रिमरीत्या तयार करतात. एवढासा तुकडा सशाचे शरीर मनावर घेत नाही, म्हणून त्याला एका मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसवितात, आणि हे वाहन बहुधा प्रशांत महासागराच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या एका सागरी गोगलगाईच्या निळसर रक्तातून मिळते. (त्या प्राण्याचे दूरचे भाऊबंद मालवणच्या खडकांवर ओहोटीला कोणीही पाहावेत.) मग सशाचा रक्तद्रव फॉस्फेटरहित तुकडे बसविलेल्या नळीतून गाळतात, ज्या प्रतिपिंडांना शिक्क्याची पर्वा नाही ती तेथेच अडकतात, आणि त्या तुकड्याविरुद्धची जी उरतात ती केवळ शिक्का ओळखणारी.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांत ज्याने असे काम केले आहे, त्यास या कारकुनाचे नखरेही ठाऊक असतात. पेशी फोडताक्षणीच तिच्यातील विकरे शिक्के पुसू लागतात, म्हणून सर्व काम बर्फावर आणि त्या विकरांना रोखणारी द्रव्ये घालून करावे लागते. पेशीतील प्रथिने ज्या पटलावर उतरवून प्रतिपिंडाने तपासतात, त्यावरील मोकळी जागा झाकण्यास एरवी दुधाची भुकटी चालते. परंतु दुधातील केसीन हे स्वतःच फॉस्फेटधारी असल्याने येथे ती टाळून बहुधा गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन घेतात. आणि प्रतिपिंड चिकटलेल्या जागी दिसणाऱ्या पट्टीवर विश्वास ठेवण्यापूर्वी नमुन्यातील फॉस्फेट मुद्दाम विकराने काढून पाहावे: पट्टी नाहीशी झाली, तरच साक्ष खरी.

दवाखान्यात सर्पदंशाच्या बाबतीत मात्र ही अनुदारता परवडत नाही, कारण अंधारात काय चावले हे रोग्यास सांगता येत नाही. म्हणून आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषांवर घोड्यांच्या रक्तातून सिद्ध करतात. फुरशाच्या किंवा घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे झाले आहे किंवा कसे, हे कळण्यास तेथे ना ससा लागतो ना पटल. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यावे, वीस मिनिटे हलवू नये, मग नळी कलती करावी. रक्त वाहिले, तर लस द्यावी.