फर्मेंटरमधून निसटलेला कार्बन

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट होतो. विमानाच्या नव्या इंधनाचा इतिहास मला मळीच्या टाकीपासूनच दिसतो. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत कारखाने झाले. टनभर उसामागे चाळीसेक किलो मळी निघते, तिचं करायचं काय हा प्रश्न प्रत्येक गळीत हंगामात असायचा. अल्कोहोल हे त्याचं उत्तर. 2001 साली मिरज आणि मनमाडला ते पेट्रोलमध्ये मिसळून पाहिलं गेलं.

जेट विमानाला मात्र अल्कोहोल जसंच्या तसं चालत नाही. किलोभर केरोसीनमध्ये सुमारे 43 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये जेमतेम 27. म्हणून अल्कोहोलच्या रेणूतून पाणी काढतात, उरलेले तुकडे एकमेकांना जोडतात आणि शेवटी त्यांना हायड्रोजन देतात. 19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशियाच्या विमानात पुण्याच्याच प्राज कंपनीने बनवलेलं असं इंधन होतं, मिश्रण फार तर एक टक्क्याचं. ती बातमी वाचून मला मनापासून अभिमान वाटला.

तरीही हिशेब अपुरा आहे. यीस्ट साखर खातं तेव्हा साखरेतल्या दर सहा कार्बनपैकी चारच अल्कोहोलमध्ये येतात. उरलेले दोन कार्बन डायऑक्साइड होऊन फर्मेंटरमधून बुडबुडत निघून जातात. काही डिस्टिलऱ्या तो वायू सोड्यासाठी भरून विकतात, बहुतेक ठिकाणी तो हवेत जात आला. कष्टाने पिकवलेल्या उसाच्या आंबवलेल्या साखरेतला तिसरा हिस्सा कार्बन असा सोडून द्यायचा, हे मला कधीच पटलं नाही.

तो परत मिळवण्याची वाट जर्मनीतून आली. म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी 1925 च्या सुमारास कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून द्रव इंधन बनवलं. दक्षिण आफ्रिकेच्या सासोल कंपनीने तीच रीत कोळशावर चालवली आणि 1999 मध्ये तिचं इंधन जोहान्सबर्गच्या विमानांना मिळू लागलं. कोळसा वगळून 2021 मध्ये जर्मनीतल्याच वेर्लटे गावी छोटा प्रकल्प सुरू झाला. तिथे कार्बन मुख्यतः बायोगॅस प्रकल्पातल्या कार्बन डायऑक्साइडचा आणि हायड्रोजन नवीकरणीय विजेने पाणी फोडून काढलेला.

आपल्या डिस्टिलरीतला वायू तर जवळजवळ शुद्धच असतो. नुसता ऊस वाढवायचा म्हटलं तर मात्र पाणी आडवं येतं. डिसेंबर 2023 मध्ये पाऊस कमी पडल्यामुळे उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने बंदी घातली होती, पुढे ती शिथिल झाली. इंधनासाठी ऊस वाढवत नेण्याइतकं पाणी आपल्याकडे नाही. आहे त्याच उसातला निसटणारा कार्बन आधी धरायला हवा. त्याला हायड्रोजन लागेल, म्हणजे भरपूर वीज. उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, जाळून वीज करणारे को-जनचे बॉयलर तो संपला की थंडावतात, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे ऊन कडक असतं. माझ्या मते सौर पॅनेल कारखान्याच्या आवारातल्या पडीक जमिनीवर, डिस्टिलरीला लागूनच उभे राहावेत.